सेवेकरिता परदेशी जाणारा मनुष्य

(मंडळ्यांतील अभ्यासवर्गांकरिता पाठ)

वाचावयाचा भाग : नहेम्या, अध्याय २, ओव्या ११ ते १८, अध्याय ५, ओव्या १ ते १९.

पाठाचा हेतू : दरिद्री कुटुंबांस साह्य करण्याकरिता जो मनुष्य आपला देश सोडून परक्या देशी जातो, त्याची सेवा केव्हा साह्य ठरते व केव्हा भार ठरते, हे समजून घेणे.



परदेशांतून सेवेकरिता माणसे येणे ही गोष्ट आपल्या मंडळ्यांस नवी नाही. आपल्या कित्येक शाळा व दवाखाने अशा माणसांच्या श्रमाने उभे राहिले, आणि त्यांपैकी कित्येकांस आपल्याच मातीत मूठमाती मिळाली आहे. ती माणसे आली ती वर्षानुवर्षे राहिली. परंतु विमानाचा प्रवास सोपा झाल्यापासून आणखी एक रीत पडली आहे. पुष्कळ तरुण स्त्रीपुरुष दोनचार आठवड्यांची सुटी काढून गरीब देशांत जातात, तेथील लोकांकरिता काही काम करितात, व परत जातात. आपल्या मंडळ्यांतील शिकलेली मुलेही आता विचारू लागली आहेत की, आम्ही नेपाळात किंवा आफ्रिकेत अशा कामास जावे काय? इच्छा चांगली आहे. परंतु चांगल्या इच्छेने केलेले प्रत्येक काम चांगलेच होते असे नाही. म्हणून ह्या विषयाचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

१. एका गवंड्याची गोष्ट

प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो.

मी पूर्वी ज्या मंडळीचा पाळक होतो, तेथे प्रार्थनामंदिराला लागून मुलांच्या शिक्षणाकरिता एक खोली बांधावयाची होती. मंडळीने थोडथोडे करून पैसे जमविले होते. आमच्याच मंडळीत एक गवंडी होता. ते काम त्याला द्यावयाचे, असे आदल्या वर्षी ठरले होते, व मी तसा शब्दही दिला होता. इतक्यात परदेशातून पत्र आले की, बारा तरुणांची एक टोळी पंधरा दिवसांकरिता येत आहे व तिला एखादे बांधकाम हवे आहे. मला फार आनंद झाला. पैसे वाचतील, पाहुण्यांचा स्नेह मिळेल, असा विचार करून मी ती खोली त्यांच्या हाती दिली.

पाहुणे जुलै महिन्यात आले. आपल्याकडे पावसाळ्यात कोणी शहाणा मनुष्य बांधकाम काढीत नाही. पण त्यांची सुटी तेव्हाच होती. ती मुले मनाने चांगली होती. पहाटे उठत, भिजत काम करीत, आणि हातांस फोड आले तरी कुरकुर करीत नसत. परंतु त्यांपैकी एकानेही पूर्वी थापी हाती धरिली नव्हती. आमचा गवंडी रोज येऊन लिंबाखाली बसे व पाहत राही. त्याला कोणी बोलाविले नाही. मीही बोलाविले नाही. पाहुणे गेल्यावर त्याने ओळंबा लावून पाहिला, तो एक भिंत बाहेर झुकलेली. मुले खोलीत बसावयाची होती, म्हणून त्याने एका पैशाचीही आशा न धरिता वरचे थर उतरविले व पुन्हा बांधून दिले.

पुढे काही दिवसांनी त्याची बायको मला रस्त्यात भेटली. तिने विचारले, “पाळकसाहेब, ते पाहुणे पुन्हा केव्हा येणार आहेत?” मला वाटले, बाईला पाहुण्यांची आठवण येत असावी. मी म्हणालो, “का बरे, बाई?” ती म्हणाली, “आधी कळलं तर बरं. त्या दिवसांत आमच्या घरच्यांना दुसऱ्या गावी काम बघता येईल.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला अधिक लागले. त्या खोलीच्या मजुरीवर त्या कुटुंबाने दुकानदाराची उधारी फेडण्याचा हिशेब केला होता. ती मजुरी बुडाल्यामुळे त्यांनी मुकादमाकडून अधिक उचल घेतली, आणि दसऱ्यानंतर नवराबायको मुलांसह ऊसतोडीस गेली. ज्या मुलांकरिता ती खोली बांधिली, त्यांपैकी दोन मुले त्या हिवाळ्यात उसाच्या फडावर होती.

ह्यात दोष पाहुण्यांचा थोडा व माझा फार. त्यांस आमच्या गावाची माहिती नव्हती. मला होती, आणि मी ती सांगितली नाही.

२. नहेम्याने प्रथम काय केले

आता वाचनाचा भाग पाहा. नहेम्या हा शूशन येथे अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेम येथून शेकडो कोस दूर, राजवाड्यात, सुखाच्या जागी तो राहत असे. ख्रिस्तापूर्वी ४४५ च्या सुमारास तो रजा घेऊन यरुशलेमेस आला. त्याजवळ राजाची पत्रे होती, स्वार होते, लाकूड मिळण्याचा हुकूम होता. तरी पोहोचल्यावर त्याने पहिले तीन दिवस काय काम केले, ह्याविषयी काहीच लिहिलेले नाही. नंतर तो थोडी माणसे बरोबर घेऊन रात्री निघाला, पडलेला कोट स्वतः पाहिला, आणि आपल्या मनात काय आहे हे कोणास सांगितले नाही. पाहून झाल्यावर मग तो तेथील लोकांशी बोलला. त्याने, मी तुमच्याकरिता बांधितो, असे म्हटले नाही. आपण मिळून बांधू, असे म्हटले. तिसऱ्या अध्यायात बांधणाऱ्यांची लांब यादी आहे. तीत याजक, सोनार, व्यापारी व एका मनुष्याच्या मुलीही आहेत. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधिला. म्हणून तो कोट बावन्न दिवसांत पुरा झाला.

पाचव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती वाचताना आपण बहुधा घाई करितो. काम चालले असता गरीब लोक ओरड करू लागले. दुष्काळात धान्याकरिता त्यांनी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकिली होती, आणि त्यांची मुले दुसऱ्यांच्या घरी गुलाम झाली होती. नहेम्याने कोटाचे काम मोठे म्हणून ही ओरड दाबून टाकिली नाही. सभा भरवून त्याने सावकारांकडून गहाण सोडविले. आणि स्वतः बारा वर्षे अधिकारी असता अधिकाऱ्याचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच भार होता.

तर परगावाहून सेवेस येणाऱ्याने करावयाच्या तीन गोष्टी येथे दिसतात. आधी पाहावे, मग तेथल्या लोकांबरोबर काम करावे, आणि त्यांच्या घरच्या हिशेबावर आपला भार पडू देऊ नये. ह्याच गोष्टी एका अलीकडच्या मनुष्याच्या चरित्रात अधिक स्पष्ट दिसतात.

३. पिएर सेरेसोल

पिएर सेरेसोल ह्याचा जन्म १८७९ साली स्वित्झर्लंड देशात लोझान शहरी झाला. घराणे मोठे होते. त्याचा बाप १८७३ साली त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. पिएर स्वतः इंजिनिअर झाला. बापाकडून मिळालेली संपत्ती आपण कमाविली नाही, असे म्हणून त्याने ती सरकारास देऊन टाकिली. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी कर देणे आपल्या ख्रिस्ती विश्वासास धरून नाही, असे सांगून त्याने तो कर भरला नाही व त्याबद्दल कैद सोसली.

युद्ध संपल्यावर निरनिराळ्या देशांतील शांततावादी ख्रिस्ती लोकांच्या परिषदा हॉलंडमध्ये बिल्थोवन येथे भरू लागल्या. तेथे भाषणे पुष्कळ झाली. त्यांत एका जर्मन मनुष्याने अशी इच्छा दाखविली की, आपल्या लोकांनी फ्रान्सचा जो मुलूख उद्ध्वस्त केला, तेथे जाऊन आपल्या हातांनी तो पुन्हा उभारण्यास मदत करावी. सेरेसोलास ही गोष्ट पटली. १९२० सालच्या हिवाळ्यात तो काही सोबती घेऊन वर्दंजवळच्या एस्न नावाच्या खेड्यात गेला. ह्या टोळीत जर्मनही होते. तोफांनी गाव जमीनदोस्त झाले होते. त्यांनी राहावयास लाकडी घरे उभी केली, रस्ते साफ केले, शेते मोकळी केली. पगार घेतला नाही. जेवण व झोपावयास जागा एवढ्यावर काम केले.

परंतु १९२१ च्या वसंतात हे काम थांबवावे लागले. ज्यांचे मुलगे युद्धात पडले होते अशा मुलखात जर्मन माणसे काम करितात, हे तेथील अधिकाऱ्यांस रुचले नाही. सेरेसोलाने हट्ट धरिला नाही. तो निघून आला. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सेवा करण्याचा आपला हेतू कितीही शुद्ध असला, तरी दुसऱ्याच्या गावात राहण्याचा हक्क त्या हेतूने मिळत नाही. तो हक्क त्या गावाने द्यावयाचा असतो.

ह्या प्रयत्नातून जी संस्था उभी राहिली तिला सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल असे नाव आहे. १९२७ साली ऱ्हाइन नदीच्या पुराने लिख्टेनस्टाइन ह्या लहानशा देशाची शेते गाळाखाली गेली, तेव्हा पुढल्या वर्षी निरनिराळ्या देशांतील सातशेंहून अधिक स्वयंसेवकांनी फावडी घेऊन ती साफ केली. १९३१ साली वेल्समधील ब्रिनमॉर ह्या गावी, जेथे खाणी बंद पडून कुटुंबांची उपासमार होत होती, तेथेही ह्या लोकांनी बेकार मजुरांच्या खांद्यास खांदा लावून काम केले.

४. बिहारातील भूकंप

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी दोनच्या सुमारास उत्तर बिहार व नेपाळ येथे भयंकर भूकंप झाला. दोन्हीकडे मिळून दहा हजारांहून अधिक माणसे मेली. मुंगेर, मुझफ्फरपूर व दरभंगा ह्या शहरांची मोठी हानी झाली. खेड्यांतील संकट निराळ्या प्रकारचे होते. जमीन फाटून खालून पाणी व वाळू उसळली. चांगल्या शेतांवर वाळूचे थर बसले व विहिरी बुजल्या. साखरेचे कारखाने मोडले, त्यामुळे शेतात उभा ऊस कोठे न्यावा हे शेतकऱ्यांस कळेना. कोठे जमीन खचली, कोठे ओढ्यांची पात्रे वाळूने भरली, म्हणून पुढल्या पावसाळ्यात पूर आला तो जुन्या गावांत शिरू लागला.

राजेंद्रप्रसाद तेव्हा कैदेत होते. भूकंपानंतर दोन दिवसांत त्यांची सुटका झाली, आणि त्यांनी मदतीकरिता बिहार मध्यवर्ती समिती उभारिली. सेरेसोलाची व महात्मा गांधींची भेट १९३१ च्या डिसेंबरात गांधीजी स्वित्झर्लंडास गेले असता झाली होती. भूकंपाची बातमी ऐकून सेरेसोल १९३४ सालीच हिंदुस्थानात आला. त्या वेळी त्याचे वय ५४ वर्षांचे होते.

तो आला तो लागलीच कुदळ घेऊन बसला नाही. नहेम्याप्रमाणे त्याने आधी मुलूख फिरून पाहिला, लोकांशी व काम करणाऱ्यांशी बोलणे केले, व मग स्वदेशी परत जाऊन थोडे सोबती मिळविले. १९३४ ते १९३७ ह्या अवधीत तो असा तीन वेळा आला. सरकार व काँग्रेस यांच्यात त्या काळी मोठी तेढ होती. सेरेसोलाने दोघांशीही सख्य ठेविले, कारण पूरग्रस्त कुटुंबास ह्या तंट्याशी काही कर्तव्य नव्हते. काम कोणते, तर पुराखाली जाणारी खेडी उठवून उंच जागी किंवा मातीचा भराव घालून त्यावर नव्याने वसविणे. ह्या कामात गोरे लोक मूठभर होते. घरे ज्यांची होती त्या गावकऱ्यांनीच बहुतेक सर्व श्रम केले.

येथे एक प्रश्न आपण प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. बिहारात मजुरांची काय वाण होती? युरोपातून एक मनुष्य आणावयास जो जहाजाचा खर्च लागतो, तेवढ्यात तेथले कितीतरी मजूर कामास लागले असते. मग सेरेसोल कशास आला? मला असे वाटते की, केवळ मातीच्या टोपल्या मोजिल्या तर त्याचे येणे तोट्याचेच होते. परंतु त्या काळच्या हिंदुस्थानात गोरा मनुष्य म्हटला म्हणजे हुकूम करणारा, आणि आपल्यातलाही उच्च म्हणविणारा मनुष्य म्हटला म्हणजे मातीस हात न लावणारा, अशी समजूत होती. राष्ट्राध्यक्षाचा मुलगा, पन्नाशी उलटलेला इंजिनिअर, खेडुताच्या शेजारी उभा राहून माती खणतो, ही गोष्ट पैसे पाठवून होण्यासारखी नव्हती. त्याचे येणे व्यर्थ गेले नाही ते ह्यामुळे की, त्याने कोणाचे काम हिरावून घेतले नाही, तो एकदा येऊन विसरला नाही, आणि गाव वसविणारे गावकरीच राहिले.

सेरेसोल १९४५ साली वारला.

५. कुटुंब मोडणारी मदत

आता उलट बाजूचे एक उदाहरण पाहू. तेही खरे आहे व दुःखाचे आहे.

कंबोडिया देशात अंगकोर येथील प्राचीन मंदिरे पाहावयास जगातून लाखो प्रवासी येतात. त्यांपैकी पुष्कळांस वाटे की, येथे आलोच आहोत तर चार दिवस एखाद्या अनाथालयात मुलांची सेवा करावी व काही पैसे देऊन जावे. हेतू दयेचाच होता. परंतु पैसे देणारे पाहुणे येऊ लागले, तशी अनाथालयेही वाढू लागली. २००५ ते २०१० ह्या पाच वर्षांत त्या देशातील अशा आश्रमांची संख्या सुमारे तीनचतुर्थांशाने वाढली. त्या काळात देशातील अनाथ मुले तितकी वाढली होती असे नाही. चौकशी केली तेव्हा असे आढळले की, तेथे राहणाऱ्या दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचे आई किंवा बाप, निदान एक तरी, जिवंत आहे. गरीब आईबापांस सांगण्यात येई की, मुलास आमच्याकडे ठेवा, त्यास जेवण मिळेल, शाळा मिळेल. आईबाप दारिद्र्यामुळे कबूल होत. मग तीच मुले संध्याकाळी पाहुण्यांपुढे नाचविली जात. दर पंधरवड्यास नवा मनुष्य येऊन मुलास कवटाळी व निघून जाई. अशा रीतीने वारंवार सोडून दिल्या जाणाऱ्या मुलाच्या मनाची जी हानी होते, तिजविषयी मुलांच्या हिताची काळजी वाहणाऱ्या संस्थांनी पुष्कळ लिहिले आहे. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही मुलांच्या हक्कांविषयीच्या ठरावात ह्या रीतीपासून होणाऱ्या हानीकडे राष्ट्रांचे लक्ष वेधिले.

बंधूंनो, ह्यातील मर्म असे की, पाहुण्यांनी मुलावर जो पैसा खर्चिला तो त्या आईच्या घरी गेला असता, तर मूल घरीच राहिले असते. दरिद्री कुटुंबाजवळ शेत नसेल, पैसा नसेल, परंतु ते कुटुंब आहे हीच त्याची मोठी पुंजी आहे. जी मदत ही पुंजी मोडिते तिला मदत म्हणता येत नाही. आपल्याही भागात वसतिगृहे आहेत व तेथे पाहुणे येतात. तेथील चालकांनी व उपदेशकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मूल हे कोणाच्या दयेचे प्रदर्शन नव्हे.

६. आपल्या महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

सेरेसोलाने काढिलेल्या संस्थेचा आपल्या मुलखाशीही संबंध आला आहे. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांकरिता आनंदवन वसविले, तेव्हा आरंभीच्या वर्षांत आसपासचे लोक रोगाच्या भीतीने तेथे फिरकत नसत. रोग्यांनी पिकविलेली भाजीही कोणी घेईना. १९५० नंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांत ह्या संस्थेचे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले व त्यांनी इमारती बांधण्यास हात लाविला. त्यांनी बांधिलेल्या भिंतींचा उपयोग झालाच. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी झाली की, दूरदेशींची ही माणसे रोग्यांमध्ये राहतात व त्यांच्या हातचे अन्न खातात, हे वरोऱ्याच्या लोकांनी पाहिले, व त्यांची भीती ओसरू लागली. पाहुणे परत गेल्यावरही हा लाभ मागे राहिला.

दुसरे उदाहरण आपल्यातून बाहेर गेलेल्या मनुष्याचे. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस हे १९३८ साली, जपानशी युद्ध चालू असलेल्या चीन देशात, पाच हिंदी डॉक्टरांच्या पथकातून गेले. नागपूरचे डॉक्टर चोळकर हेही त्या पथकात होते. पुढे सोबती परत आले, कोटणीस मात्र राहिले. ते चिनी भाषा इतकी शिकले की त्या भाषेत विद्यार्थ्यांस शिकवू लागले. १९४१ साली त्यांजकडे बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद आले. तेथल्याच एका परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तेथेच मरण पावले. सेवेकरिता परदेशी जाणे हे केवळ श्रीमंत देशांतील गोऱ्या लोकांचे काम आहे, असे आपल्या तरुणांनी मानू नये. मात्र कोटणीस जे शिकून गेले होते ते तेथे खरोखर हवे होते, आणि त्यांनी लोकांची भाषा आपली केली, ह्या दोन गोष्टी विसरू नयेत.

७. पाच कसोट्या

वरील सर्व गोष्टींचा सार काढून पाच कसोट्या देतो. जो जाणार आहे त्याने त्या स्वतःस लावाव्या, व ज्यांच्या गावी पाहुणे येणार आहेत त्यांनीही लावाव्या.

पहिली. हे काम गावाने मागितले आहे काय? की पाहुण्यास काहीतरी काम हवे म्हणून शोधून काढिले आहे?

दुसरी. हे काम करू शकणारा व त्यावर पोट असणारा मनुष्य गावात आहे काय? असेल तर पाहुण्याने त्याच्या हाताखाली काम करावे, व त्याची मजुरी चुकू नये.

तिसरी. जाणारा मनुष्य असे काही जाणतो काय, जे तेथे कोणी जाणत नाही? जाणत नसेल तर त्याने शिकावयास जातो असे म्हणावे, शिकवावयास जातो असे म्हणू नये.

चौथी. ह्या मदतीने आईबाप, मुले, शेजारी एकमेकांच्या अधिक जवळ येतील, की दूर जातील?

पाचवी. पाहुणा गेल्यावर सहा महिन्यांनी त्या घरात काय उरेल?

पाहुण्यांस खरी हकिगत सांगणे हे उपदेशकांचे व पंचांचे काम आहे. आपण लाजेने किंवा पुढल्या देणगीच्या आशेने ती लपवितो. मीही लपविली. पाहुणा चूक करितो ती बहुधा न कळल्यामुळे. परंतु आपण कळत असून गप्प राहिलो, तर आपल्याच शेजाऱ्याच्या ताटातले काढून पाहुण्याचा पाहुणचार केल्यासारखे होते.

८. पुढे काय झाले

दोन वर्षांनी त्याच परदेशी मंडळीचे पुन्हा पत्र आले. ह्या वेळी मी एकट्याने उत्तर दिले नाही. पंच बसले, व त्या गवंड्यासही बोलाविले. उत्तर असे लिहिले : कुंपणाची भिंत बांधावयाची आहे. आपण मे महिन्यात या, कारण तेव्हा ऊसतोडीस गेलेली माणसे परत आलेली असतात व पाऊस लागलेला नसतो. ऊन फार असेल. आमचा गवंडी मुख्य राहील. आपण माल कालवावा व दगड वाहावे. त्यास व त्याच्या बिगाऱ्यांस रोजची मजुरी मिळाली पाहिजे, आणि आपण खर्चाकरिता जे काढिले असेल त्यातून ती द्यावी. तसेच मागील वेळी काय झाले तेही लिहिले. ते लिहिताना माझा हात अडखळला, हे कबूल करितो.

पुष्कळ दिवस उत्तर आले नाही, आणि आपण पाहुण्यांस दुखविले असे काही पंच म्हणू लागले. मग पत्र आले. बाराजणांऐवजी पाचजण येतो, असे त्यात होते. ते आले. गवंडी ओळंबा लावी, आणि ते परदेशी तरुण त्याच्याकडे पाहून थांबत. त्याने मान हालविली म्हणजे पुढचा दगड देत. त्याची बायको बिगारी म्हणून कामावर होती व तिलाही मजुरी मिळाली. पाहुणे परत गेले तेव्हा भिंत पुरी झाली नव्हती. मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी गवंड्याने ती पुरी केली.

त्या वर्षीही ते कुटुंब ऊसतोडीस गेले. एका भिंतीच्या मजुरीने वर्ष निभत नाही, आणि तसे झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. परंतु त्यांनी उचल कमी घेतली, व मुलांस आजीजवळ शाळेकरिता ठेवून गेली. ती मुले त्या हिवाळ्यात आमच्या खोलीत बसून शिकली. ती खोली बांधल्यापासून तिचा खरा उपयोग झाला असे मला तेव्हा प्रथम वाटले.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. नहेम्याने यरुशलेमेस पोहोचल्यावर काम सांगण्यापूर्वी काय केले? त्याचे कारण काय असावे?

२. पाचव्या अध्यायातील गरिबांची ओरड व आपल्या गावातील उचलीची चाल ह्यांत कोणते साम्य दिसते?

३. सेरेसोल एस्न गाव सोडून आला, ह्यात त्याचा पराजय झाला काय?

४. कंबोडियातील मुलांस अनाथालयात ठेवण्याऐवजी त्यांच्या आईबापांस कोणत्या रीतीने साह्य करिता आले असते?

५. आपल्या मंडळीत परदेशी पाहुणे येणार असतील, तर त्यांस लिहावयाच्या पत्रात कोणत्या गोष्टी असाव्या? वर्गाने मिळून असे एक पत्र तयार करावे, आणि ते तयार करिताना गावातील एक मजूर व एक गवंडी यांस अवश्य बोलवावे.